सु. भा.ना मागे टाकायचंय

११ फेब्रुवारी, रविवार
काल प्लॅस्टर निघालं. मनगट पांढरंफटक झालंय, दुसऱ्या कोणाचं तरी वाटतं. आज जेवायला ताई आणि सुहास भावोजी आले. यापुढे सु. भा. एवढंच लिहीन. पूर्ण नाव लिहायला हा हात वापरायचा नाही.
दारातूनच: "काय मेव्हणीबाई, भिंत बरी आहे ना?" सगळे हसले. ताईसुद्धा.
त्या दिवशीचं एकदा लिहून टाकते, नाहीतर लोकांचं ऐकून ऐकून मलाच खोटं वाटायला लागेल. कॉलनीमागचं मैदान. सु. भा.ची गाडी, मी पुढे, ते मागे बसून शिकवतायत. मी क्लच हळू सोडला, गाडी छान चालली होती. त्यांनी मागून हात घातला, माझ्या हातावरून ॲक्सिलरेटर पिळला आणि कानात म्हणाले, "आता बघ मजा." स्वतः पाय टेकून उतरले. मी भिंतीवर, गाडी माझ्यावर.
आणि गावभर काय सांगितलं? "घाबरली, ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर पिळला. बायकांचं हे असंच." मी ताईला खरं सांगितलं तर म्हणाली, "जाऊ दे गं, ते कशाला असं करतील?"
नाही जाऊ देणार. सगळ्यांसमोर कबूल करायला लावीन.

१४ फेब्रुवारी
फॅमिली ग्रुपवर सु. भा.नी विटांच्या भिंतीचा फोटो टाकला. खाली: "विद्याला व्हॅलेंटाइन." अठ्ठावीस जण ग्रुपमध्ये, निम्म्यांनी हसरे चेहरे टाकले. त्यांचं नाव मोबाइलमध्ये बदलून 'ॲक्सिलरेटर' केलं. तेवढंच बरं वाटलं.
दुकानात अजून काउंटरवरच बसवलंय. चष्म्याचे बारीक स्क्रू या हाताने पकडता येत नाहीत. फिटिंगला नवीन मुलगी घेतली. तिला बघून डोकं फिरतं.

२५ फेब्रु., रवि.
ठरलं. स्वतःची बाइक घ्यायची. स्कूटर नाही, गिअरची.
बाबा होते तेव्हापासून आमच्याकडे एक रीत आहे. दसऱ्याला घरच्या सगळ्या गाड्या मुलुंडला आमच्या बिल्डिंगखाली येतात, आई पूजा करते, मग रांगेने उतारावरून देवीच्या देवळात जायचं. पुढे बाबांची स्कूटर असायची. बाबा गेल्यापासून पुढे जावई. कांदिवलीहून मुद्दाम येतात, हॉर्न वाजवत, राजासारखे.
या दसऱ्याला पुढे मी. सु. भा. माझ्या मागे. आणि तिथेच, सगळ्या काकालोकांसमोर विचारणार, कोणी पिळला होता ते.

३ मार्च
शोरूम, घाटकोपर. सेल्समन: "मिस्टरांना पण घेऊन या ना मॅडम." मी म्हटलं, मिस्टर नाहीत, गाडी मला हवी. मग तो मला गुलाबी रंगाची स्कूटर दाखवायला लागला.
साडेतीनशे सीसीवर बसले. सु. भा.ची तीच आहे. दोन्ही पायांचे फक्त चवडे टेकले. स्टँडवरून उचलताना घाम फुटला. तरी तीच घेणार. आवाज काय मस्त आहे.

१० मार्च, रवि.
क्लास लावला. कांजूरमार्गला एका बंद कारखान्याच्या आवारात, मर्लिन मॅडम शिकवतात. केस पांढरे, बॉयकट, गळ्यात क्रॉस. पहिला प्रश्न: "कुठली गाडी घ्यायचं मनात आहे?" सांगितलं.
"का?"
"आवडते."
"खोटं बोलतेस. कोणाला तरी जळवायचंय तुला."
मग त्यांनी एक गाडी जमिनीवर आडवी पाडली आणि म्हणाल्या, उचल. पाठ टेकवून, पायांच्या जोरावर. साडेतीनशेवाली जागची हलली नाही. दीडशेवाली तिसऱ्या खेपेला उचलली.
"जी एकटीने उचलता येते ती तुझी. बाकीच्या दुसऱ्यांच्या."
घरी येईपर्यंत चिडले होते. पण उचलल्यावर जे वाटलं ते चिडण्यापेक्षा मोठं होतं. हेही लिहून ठेवते.

१७ मार्च
आज इंजिन चालूच केलं नाही. गाडीभोवती फिरायचं, टायर दाबायचे, साखळी बघायची, दिवे, इंडिकेटर. मग गाडी हाताने दोन पावलं ढकलून पुढचा ब्रेक दाबायचा, मागचा दाबायचा. रोज. चढण्याआधी. "देवाच्या पाया पडलीस तरी चालेल, पण हे आधी," म. मॅडम म्हणाल्या.
कंटाळवाणं. पण सु. भा.नी हे कधी केलेलं मी बघितलेलं नाही. म्हणून मी रोज करणार.

२५ मार्च, धुळवड
ते दोघं आले रंग खेळायला. सोलकढीत सु. भा.च्या वाटीत मीठ जास्त टाकलं. दुसरी वाटी मागितली. माणसाला चवसुद्धा नाही.

३१ मार्च
आठच्या आकड्यात फिरायचं. प्रत्येक वळणाला एकाच खांबाकडे जात होते. म. मॅडम ओरडल्या, "मान फिरव! जिथे बघशील तिथे गाडी जाणार!" मला त्या खांबाच्या जागी सु. भा.चं तोंड दिसत होतं. चौथ्यांदा धडकता धडकता राहिले.
"कोण आहे तो?"
"बहिणीचा नवरा."
"त्याच्याकडे बघणं बंद कर, नाहीतर त्याच्यावरच जाऊन पडशील."
सांगायला काय जातं.

९ एप्रिल, गुढीपाडवा
गाडी बुक केली. दीडशे सीसी, करडा रंग, दोन्ही पाय पूर्ण टेकतात, एबीएस आहे. सेल्समनला मीच विचारलं, पुढच्या ब्रेकला आहे ना? तो कागद बघायला आत गेला. बरं वाटलं.
आईला शपथ घातली, ताईला सांगायचं नाही. आई: "माका काय करूचा हा सांगान? पन तू भांडुपच्या कोळणींकडसून मासे आणशील मां?" आणीन. आईला एवढंच हवं होतं.

५ मे
गाडी आली. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कुलकर्णी काकूंच्या पार्किंगला ठेवलीय, कव्हर घालून. ताई अचानक आली तरी दिसणार नाही.
पूर्ण तोंडाचं हेल्मेट, ग्लोव्ह्ज, घोट्यापर्यंत बूट. म. मॅडमच्या हुकुमाने एक जास्तीचं हेल्मेट पण घेतलं. मी म्हटलं, माझ्या मागे कोण बसणार? म्हणाल्या, "बसेल कोणीतरी."

२ जून
इमर्जन्सी ब्रेकिंग. चाळीसच्या स्पीडला यायचं आणि खुणेवर थांबायचं. पुढचा ब्रेक झटक्याने नाही, पिळत पिळत. सु. भा. मागचा ब्रेक वापरतच नाहीत, ते 'काकालोकांचं काम' म्हणे. म. मॅडमना सांगितलं तर त्या फक्त हसल्या.
मनगट दुखतंय अजून. दुखलं की तो आवाज आठवतो, "आता बघ मजा."

२१ जुलै
लायसन्सची टेस्ट पास झाले! इन्स्पेक्टरने आठचा आकडा घालायला लावला. खांब नव्हता, मान फिरवली, झालं.
एलबीएस रोडवर खड्डेच खड्डे. बसमधून जाताना कधी कळलं नव्हतं. आता प्रत्येक खड्डा ओळखीचा झालाय.

१५ ऑगस्ट
ग्रुपवर तिरंग्याच्या शुभेच्छा आणि मग सु. भा.कडून पुन्हा भिंत. "स्वातंत्र्य म्हणजे विद्याला गाडी न देणं." ताईने हसरा चेहरा टाकला. ताईचा राग सु. भा.पेक्षा जास्त येतो कधी कधी. लहानपणी मला कोणी काही बोललं तर शाळेच्या गेटवर जाऊन भांडायची ती. ती ताई कुठे गेली माहीत नाही.

२२ सप्टें., रवि.
दुकानात फिटिंग परत माझ्याकडे. हात बसला.
दसऱ्याला काय काय बोलायचं ते मनात घोळवतेय. "भावोजी, ॲक्सिलरेटर कुठल्या हातात असतो हो?" असं सुरू करायचं. की सरळच विचारायचं? आंघोळ करताना दोन्ही बोलून बघितलं. आई दार वाजवून विचारते, "कोणाशी गो बोलतंस?"

१२ ऑक्टोबर, शनि., दसरा
सगळं नीट लिहिते. एकही गोष्ट सोडायची नाही.
सकाळी कुलकर्णी काकूंकडून गाडी आणली आणि बिल्डिंगखाली रांगेत लावली. सु. भा. दहाच्या सुमारास आले, मागे ताई, पैठणीत. गाडी बघितली. "ही कोणाची?" "माझी." तोंड बघण्यासारखं झालं होतं. दोन-तीन क्षण. मग: "अरे वा! काकांनो, भिंती सांभाळा!" सगळे हसले. ताई हसली नाही. गाडीभोवती फिरून टाकीवर हात फिरवत होती.
आईने पूजा सुरू केली. आधी जावयाची. टाकीवर स्वस्तिक, हँडलला झेंडूची माळ, मग वाकून पुढच्या चाकाला. चाकात ती चकचकीत लोखंडी थाळी असते ना, ब्रेकची डिस्क, बरोब्बर तिच्यावर आईने ठसठशीत लाल स्वस्तिक काढलं. वरून कुंकवाचं आणखी एक बोट. मग माझ्या गाडीलाही तसंच.
मी विचारलं, "कुंकू कशात कालवलंयस?"
"खोबरेल तेलात. पाण्यातला सुकून झडता. गेल्या वर्षी देवळात जायपर्यंत काय रवलाच नाय."
मी पर्समधलं चष्मे पुसायचं स्पिरिट आणि कापड काढलं. माझी डिस्क दोनदा पुसली, तीनदा पुसली. आईला वाटलं गाडी चमकवतेय. मग गाडी दोन पावलं ढकलून ब्रेक दाबला. धरला.
कापड हातात होतं. शेजारी सु. भा.ची डिस्क, तेल ओघळून खाली आलेलं. ते सेल्फी काढत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "मेव्हणीबाई, आमची पण पुसा जरा. दुकानात सवय असेल तुम्हाला."
म्हणजे त्यांनी सांगितलं होतं. ते स्वतः म्हणाले, पुसा.
मी म्हणाले, "तुमची कशाला? तुम्हाला सगळं येतं." कापड पर्समध्ये टाकलं. पर्सची चेन लावली.
मग ताई त्यांच्या मागे बसायला साडी सावरत होती. मी म्हटलं, "ताई, आज माझ्या मागे बस ना." तिला खरंच वाटेना. सु. भा.: "जा जा. विमा काढलाय ना?" ताईने जास्तीचं हेल्मेट घातलं, गजरा चेपला म्हणून कुरकुर केली आणि माझ्या कमरेला घट्ट हात घातला. कानात म्हणाली, "विदू, तू खरंच चालवतेस गं!"
मी पुढे होते. पुढे मीच होते, सगळ्यांच्या पुढे. उतार लागला तसे सु. भा. हॉर्न मारत उजवीकडून आले आणि आम्हाला मागे टाकून गेले. खाली देवीचा मंडप, बाहेर चपलांचा ढीग आणि चपला काढणारी माणसं. एक बाई, हाताला लहान मुलगी. त्यांनी ब्रेक दाबला असणार. गाडी थांबलीच नाही. गाडी वळवली, मंडपाच्या बांबूवर आदळली आणि ते उडून चपलांत पडले.
कॉलरबोन मोडलंय. बाकी खरचटलंय. हेल्मेट होतं, नशीब.
मला आनंद झाला. सगळ्यांच्या चपलांत पडलेले बघून पहिल्यांदा जे वाटलं तो आनंदच होता. इथे खोटं लिहून काय उपयोग?

१३ ऑक्टो.
सु. भा. हॉस्पिटलमध्ये सगळ्यांना सांगतायत, "ब्रेक लागलाच नाही हो!" कोणी ऐकत नाही. मोठे काका: "उतारावर ऐंशीने आलास, ब्रेक काय करेल?" मंडपवाल्याने मेकॅनिक आणला, त्याने लीव्हर दाबून बघितला, ब्रेकऑइल बघितलं, म्हणाला, ठीक आहे. झालं.
ग्रुपवर कोणीतरी चपलेचा फोटो टाकला. खाली अंगठे. मीही एक टाकला.

१४ ऑक्टो.
अंगठा काढून टाकला. उगीच.
त्या लहान मुलीचा फ्रॉक हिरवा होता. त्यांनी वळवली नसती तर.
तेवढ्या वेळात मागचा ब्रेक मारला असता तर थांबलेही असते. म्हणजे चूक त्यांचीच. मागचा ब्रेक वापरत नाहीत. पण तेल. पण त्यांनीच सांगितलं होतं पुसा. पण मी

२० ऑक्टो., रवि.
कांदिवलीला बघायला गेले. माझ्या गाडीवरून, लिंक रोडने. आईने सांदणं करून दिली होती. सु. भा. पलंगावर, खांद्याला पट्टा, दाढी वाढलेली. ताई चहा करायला आत गेली तसे म्हणाले, "विद्या, तू तरी विश्वास ठेव. ब्रेक धरलाच नाही. देवाशपथ."
किती महिने वाट बघितली होती अशा वेळेची. मी म्हणाले, "घाबरलात हो तुम्ही. ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर पिळला असेल. होतं असं."
लगेच कळलं त्यांना मी काय म्हणतेय ते. चेहरा उतरला. "विद्या, त्या दिवशी मैदानात मी जरा..." आणि ताई चहा घेऊन आली. पुढचं राहिलं.
परतताना पूर्ण रस्ता स्वतःशी बोलत होते. 'मी जरा' काय? जरा काय? पुरं करायचं होतं वाक्य. ताईसमोर.
आणि त्यांनी पुरं केलं असतं तर मला माझं बोलावं लागलं असतं. म्हणून मीही चहा पटकन प्यायले.

२४ ऑक्टो.
म. मॅडमकडे गेले, सहज. विचारलं, तेल लागलेली डिस्क वरून पुसली की होतं का साफ? म्हणाल्या, "नाही. तेल ब्रेकच्या पॅडमध्ये मुरतं. पॅड फेकायचे." मग म्हणाल्या, "तुझ्या गाडीचं नाही ना?" नाही म्हटलं. "मग ज्याचं आहे त्याला सांग आज." हो म्हटलं.
सांगितलं नाही. सांगितलं तर आईचं नाव येणार. तिच्या हातचं स्वस्तिक. हे कारण मला चांगलं सापडलंय.

२७ ऑक्टो., रवि.
ताईचा फोन. एवढी खुश कितीतरी वर्षांत ऐकली नव्हती. "विदू, त्या दिवशी तुझ्या मागे बसले ना, तेव्हापासून डोक्यात आहे. मी पण शिकणार. यांची गाडी उभीच आहे. हँडल सरळ करून आणलं खालच्या गॅरेजमधून. सकाळी सोसायटीच्या रस्त्यावर एकटीच चालवून बघणार. लर्निंग लायसन्सचं पण बघते नंतर."
मी म्हटलं, ती गाडी नको. माझी घे. मी येते.
"अगं, रोज कुठे येशील मुलुंडहून?"
ती गाडी फार जड आहे, म्हटलं. पाय टेकणार नाहीत.
"टेकतात. मी तुझ्यापेक्षा उंच आहे."
"ताई, ब्रेकचे पॅड बदल आधी. बदलल्याशिवाय हात लावायचा नाही. शप्पथ घे."
"का? मेकॅनिकने बघितलाय ब्रेक. ठीक आहे म्हणाला."
"तेल लागलंय."
"कसलं तेल?"
"पूजेचं. आईने कुंकू तेलात कालवलं होतं. डिस्कवर काढलं. ब्रेक धरत नाही त्याने."
तिच्या मागे सु. भा.चा आवाज येत होता, कोणाचा फोन म्हणून.
"म्हणजे यांचं खरं होतं," ताई म्हणाली.
हो म्हटलं.
"आणि तुला माहीत होतं."
मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, तिकडे ऐकू जाऊ नये म्हणून असेल:
"म्हणून मला तुझ्या मागे बसवलंस?"
मी ताई, ताई एवढंच म्हणत होते. तिने फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही.